निघालाय म्हणजे कुठून

"मॅडम, यानं एक प्रश्न विचारलाय," रुचिता म्हणाली आणि तिनं लॅपटॉप संचिताच्या बाजूला वळवला. पडद्यावर वरच्या अंगाला संचिताचंच वाक्य होतं, तिनं परवा वहीत लिहिलेलं आणि रुचितानं टाइप करून आत घातलेलं: लिफ्ट बंद असल्याचा फोन आला तर 'माणूस निघालाय, अर्ध्या तासात पोचेल' असं सांगायचं. त्याच्या खाली मशीननं लिहिलं होतं: माणूस निघाला आहे हे बॉटला कुठून कळेल? तो कुठून निघतो? निघाला नसेल तर काय सांगायचं? तीन प्रश्न, एकाखाली एक, सभ्यपणे विचारलेले. संचिताला आधी हसू आलं. मग हसता हसता तोंडात काहीतरी कडवट आलं, रिकाम्या पोटी घेतलेल्या चहासारखं, आणि ती उगाचच हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळू लागली. सतरा वर्षांत लोकांनी तिला फोनवर शिव्या दिल्या होत्या, ग्राहक मंचात खेचायच्या धमक्या दिल्या होत्या, एका बाईनं तर तिच्या मुलाबाळांना तळतळाट दिला होता. पण निघालाय म्हणजे कुठून, असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. "लिहून देते उद्या," ती म्हणाली. "सावकाश," रुचिता म्हणाली. "एवढंच राहिलंय आता. बाकी तुमचं सगळं इतकं क्लिअर आहे ना, याला काही विचारावंच लागलं नाही."

क्लिअर. हा शब्द गेले तीन आठवडे संचिता मनातल्या मनात खडीसाखरेसारखा चघळत होती. ठाण्याच्या त्या ऑफिसात ती हेल्पलाइनवर बसायची. कंपनीकडे शीळफाट्यापासून कल्याणपर्यंतच्या सात मोठ्या संकुलांची देखभाल होती, लिफ्ट, पाणी, जनरेटर, कचरा, आणि तिथला कोणताही फोन शेवटी हिच्या कानात यायचा. महिन्याच्या सुरुवातीला मॅनेजर सुदेशनं बॉट बनवणाऱ्या कंपनीतल्या रुचिताला आणून समोर बसवलं आणि सांगितलं की आता बॉट येणार, लोक मोबाइलवर लिहून विचारतील आणि बॉट उत्तर देईल, आणि तो बॉट काय बोलणार ते संचितानं सांगायचं. संचिता घाबरली होती. तिला कॉम्प्युटरचं काही येत नव्हतं. "कोड नाही लिहायचा, मॅडम," रुचितानं समजावलं. "फक्त साध्या भाषेत लिहायचं. बॉट कोण आहे, कोणाशी बोलतो, कधी काय बोलायचं, काय नाही बोलायचं. नवीन लागलेल्या मुलीला शिकवता तसं. बाकी एआय बनवतं." मग संचितानं दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला कितीतरी माहीत आहे. लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर आधी नाव विचारायचं, मजला नंतर. नाव विचारलं की माणूस श्वास घेतो. समोरचा ओरडत असेल तर त्याला ओरडू द्यायचं, साधारण चाळीस सेकंदांत तो दमतो. बाई हळू आवाजात बोलत असेल तर घरात कोणीतरी रागावलेलं आहे, तिला जास्त प्रश्न विचारायचे नाहीत. दिव्याहून नव्यानं राहायला आलेल्या लोकांना एक दिवस पाणी नसल्याचं काही वाटत नाही, मुलुंडहून आलेल्यांना वाटतं. असं ती पानंच्या पानं लिहीत गेली. शाळेत असताना बाई तिच्या निबंधावर 'सोपे लिहितेस' असा शेरा मारायच्या आणि दहापैकी सहा द्यायच्या. सोपं लिहिणं हा दोष आहे असंच तिला तेव्हापासून वाटत आलं होतं. आता एक तीस वर्षांची, परदेशी कंपन्यांची कामं केलेली मुलगी तिचं पान वाचून म्हणत होती, मॅडम, असं लिहिणारं कोणी मिळत नाही हो. संचिता घरी जाताना स्वतःशी हसायची. शेजारच्या खुर्च्यांवरच्या दोघींना, बॉट येणार म्हणून, महिनाअखेरीनंतर यायचं नाही असं तोवर सांगून झालं होतं. तिला सुदेश म्हणाला होता, "तुझं बघू." त्या दोघी तिच्याशी नीट बोलत नव्हत्या. डबा खाताना तिच्याकडे पाठ करून बसायच्या. संचितानं त्याचंही फार मनाला लावून घेतलं नव्हतं, इतकी ती त्या वहीच्या नादी लागली होती.

माणूस निघालाय. हे वाक्य तिला तेव्हाच्या सुपरवायझर कादंबरी मॅडमनी शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात. त्या काळी प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा असायचा, फोनवर बोलताना स्वतःकडे बघून हसायचं, म्हणजे हसू आवाजात उतरतं. कादंबरी मॅडमना दम्याचा त्रास होता, पण फोन उचलला की त्यांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. त्या सांगायच्या, ग्राहकाला नाही हा शब्द ऐकवायचा नाही. माणूस नाही, पार्ट नाही, माहीत नाही, काही नाही. निघालाय म्हणायचं. निघालेल्या माणसाची लोक वाट बघतात, न निघालेल्याशी भांडतात. संचितानं तेव्हा विचारलं होतं, पण मॅडम, निघाला नसेल तर? कादंबरी मॅडम आरशातच बघत म्हणाल्या होत्या, अगं, कधीतरी निघणारच ना. आपण थोडं आधी सांगतो. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की तेवीस वर्षांच्या संचिताला ते पटलं. नोकरी नवीन होती, बाबांची कंपनी एमआयडीसीतून उठून गुजरातला गेलेली, धाकटी बहीण भावना शिकत होती. पटून घेण्यासारखी परिस्थिती असली की गोष्टी पटतात. पहिले काही महिने ते वाक्य बोलताना आरशातला आपला चेहरा किंचित आक्रसतो असं तिच्या लक्षात आलं होतं. नंतर आरसे काढून टाकले, आणि चेहऱ्याचं काय होतं ते कळायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो प्रश्न सुदेशपुढे ठेवला. सुदेश वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर काचेखाली मुलीचा भरतनाट्यमचा फोटो होता, आणि संचिताची सासू आजारी असताना त्यानं तिला आठ दिवस न विचारता रजा दिली होती. त्यानं पडद्यावरचे तीन प्रश्न वाचले आणि डोळे चोळले. "हे मशीन जरा जास्तच शहाणं आहे," तो म्हणाला. "लिही, तंत्रज्ञ निघण्याच्या प्रक्रियेत आहेत."

"प्रक्रियेत म्हणजे?"

"म्हणजे प्रक्रियेत. चप्पल घालतोय. गाडीला किक मारतोय. काहीही. खोटं नाही ना ते?"

"सर, आपल्याकडे सात संकुलांना तीन मेकॅनिक आहेत. निम्म्या वेळा कोणीच निघालेलं नसतं."

"ते मला माहितीये, संचिता. तुला माहितीये. बॉटला कशाला माहीत पाहिजे?" त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, वरच्यांना मी सांगितलंय की बॉटची भाषा तू सांभाळशील, म्हणून तुला ठेवू. एका वाक्यावरून घोळ नको घालूस. शनिवारपर्यंत संपव."

ती जागेवर येऊन बसली आणि वहीत लिहिलं: तंत्रज्ञ निघण्याच्या प्रक्रियेत आहेत. किती घाणेरडं मराठी, तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग मराठीचाच आलाय, आणि तिला स्वतःची शरम वाटली. खाडीच्या दिशेनं कळव्याचे टॉवर उन्हात पांढरे पडले होते. फोन वाजला. दिव्याच्या पुढच्या संकुलातून कोणीतरी पाणी कधी येणार विचारत होतं. "टँकर निघालाय, दादा," तिच्या तोंडून गेलं, आणि फोन ठेवल्यावर तिनं टँकरवाल्याचा नंबर लावून पाहिला. तो स्विच्ड ऑफ होता.

रात्री जेवणं आटोपण्याआधीच ती डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याशी वही घेऊन उभी राहिली. नवरा संदेश भाजी निवडत होता. तिनं त्याला प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला, "सोपं आहे की. सतरा वर्षं जे बोलतेस तेच लिही." त्याच्या मनात कशाचीच गाठ बसत नसे, हे तिला कधी आवडायचं, कधी नकोसं व्हायचं. तिनं लिहिलं, निघाला नसेल तर. आणि पुढे पेन चालेना. निघाला नसेल तर काय, हे तिला पक्कं माहीत होतं. निघाला नसेल तर अकराव्या मजल्यावर एक म्हातारी मरते.

राघो पाटलांचा फोन जवळजवळ रोज यायचा. शीळफाट्याजवळच्या चौदा टॉवरच्या संकुलात नवव्या टॉवरमध्ये ते राहायचे. ती जमीनच मुळात त्यांच्या घराण्याची, भाताची, आणि बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळालेले. सुरुवातीला ते फोनवर नुसतंच हॅलो हॅलो करायचे. मग हळूहळू बोलायला लागले. "बाय, ती लिफ्ट आज कुंथतंय," म्हणायचे. कधी लिफ्ट चालू असतानाच फोन करायचे आणि म्हणायचे, "चालू हाय आज. म्हटला सांगावा." तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरावर राबलेले, त्यामुळे तळपायांना भेगा आणि टाइल्सवर पाय घसरतात, हे त्यांनी एकदा तिला लिफ्टच्या तक्रारीत घालून सांगितलं होतं. मागून बायकोचा आवाज यायचा, कोनाशी बोलता, ठेवा तो. तिचं नाव कलावती, हे संचिताला असंच कधीतरी कळलं. संचिता कंटाळायची, कॉल लांबला की पडद्यावर वेळ लाल व्हायची, पण त्यांचा नंबर दिसला की खांद्यावरचा ताण थोडा उतरायचा. दिवसभरात तिला स्वतःसारखंच माणूस समजून बोलणारा तो एकच आवाज होता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी पावणेतीनला, त्या आवाजानं विचारलं, "बाय, दोनी लिफ्टी बंद हायेत. हिच्या छातीन जलजलतंय. कवा चालू व्हईल?" संचिताच्या समोर नोंद होती. सकाळी अकरापासून दोन्ही लिफ्ट बंद. एक पार्ट भिवंडीहून यायचा होता, संध्याकाळपर्यंत. तिन्ही मेकॅनिक कल्याणला. तिनं ती नोंद वाचली. वाचली हे तिला आजही आठवतं, कारण भिवंडी शब्द चुकीचा लिहिला होता. आणि मग ती म्हणाली, काका, काळजी करू नका, माणूस निघालाय, अर्ध्या तासात चालू होईल. त्यांनी विचारलं, "नक्की ना? नाय त खुर्चीवर बसवून उतरवतो, शेजारची पोरा हायेत." ती म्हणाली, नको काका, अकरा मजले कशाला, अर्धाच तास. पुढचा कॉल थांबलेला होता.

शेवटचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. नको काका, हे तिचं स्वतःचं होतं. आपुलकीनं म्हणाली होती ती. कादंबरी मॅडमच्या वाक्यात ते नव्हतं, कंपनीच्या कुठल्या कागदात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुदेशनं विचारलं, नऊ नंबरमधल्या एक बाई गेल्या काल, हार्ट, आपल्याकडे कॉल होता का? तिनं नोंद काढून दाखवली. कॉल दोन एकोणपन्नासला बंद, माहिती दिली. सुदेश म्हणाला, माहिती दिली ना, मग ठीक. आणि ते ठीकच राहिलं. कोणी चौकशी केली नाही. वृद्ध बाई, उन्हाळा, हार्ट. संचिता त्या रात्री घरी जाऊन जेवली. तिला वाटलं होतं घास उतरणार नाही, पण उतरला, आणि ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं होतं. तेरा दिवसांनी राघो पाटलांचा फोन आला. तिनं हातानं टेबलाची कड धरून ठेवली. ते म्हणाले, "बाय, लिफ्ट चालू हाय." मग म्हणाले, "तू तरी फोन उचलतंस." त्यानंतर ते पहिल्यासारखे रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी करत राहिले, आणि ती प्रत्येक वेळी आवाजात हसू आणून बोलत राहिली. दोन वर्षं. कधी कधी तिला वाटायचं, त्यांना माहीत आहे आणि ते मुद्दाम करतात. कधी वाटायचं, आपणच त्यांना जन्मभर पुरणारी सोबत देतोय, फिटलं. असं वाटलं की तिला स्वतःचा वीट यायचा.

शुक्रवारी तिनं वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: माणूस निघाला नसेल तर निघाला नाही असं सांगायचं. किती वाजता निघेल ते माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगायचं. घरात कोणी आजारी असेल तर लिफ्टची वाट बघू नका असं सांगायचं. तीन वाक्यं लिहायला तिला पाच मिनिटं लागली. वहीतलं ते सगळ्यात सोपं पान होतं. रुचितानं वाचलं आणि मान हलवली, "मला आवडलं. पण सुदेश सर?" सुदेशनं वाचलं आणि पान अर्ध्यातून दुमडून तिच्याकडे परत दिलं. जाताना दारातून म्हणाला, "उद्या सहापर्यंत, संचिता." तिला अपेक्षा होती तसा राग आला नाही. दुमडलेलं पान हातात घेऊन बसल्यावर तिला भलतंच काही सुचलं. हे वाक्य मशीनला सांगून काय उपयोग. ते ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस शीळफाट्याला अकराव्या मजल्यावर बसलेला आहे. हा विचार आला आणि तिला एकदम हलकं वाटलं, ताप उतरताना घाम येतो तसं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या रात्री सलग झोपली. सकाळी संदेशला म्हणाली, ऑफिसच्या कामानं साइटवर जाऊन येते. खोटं म्हणाली, पण त्यानं विचारलंही नाही.

शेअर रिक्षानं ती कल्याण-शीळ रस्त्यानं निघाली. मेट्रोच्या खांबांच्या कामानं रस्ता चिंचोळा झाला होता आणि धूळ तोंडात जात होती. संकुलाच्या गेटवर तिनं कंपनीचं कार्ड दाखवलं. सतरा वर्षं ती ह्या टॉवरांचे नंबर बोलत होती, पण ती इथं कधी आलीच नव्हती. नऊ नंबर कुठं ते तिला वॉचमनला विचारावं लागलं. लिफ्ट चालू होती. दार सुनेनं उघडलं, शालू नाव तिचं, हात पिठाचे होते. आत सोफ्यावर एक बुटके, काटकुळे गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. आवाजावरून संचितानं त्यांना दांडगे, उंच ठरवून टाकलं होतं. "काका, मी संचिता," ती म्हणाली. "हेल्पलाइनची." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "परत बोल." ती परत बोलली. मग ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुनेला म्हणाले, "अगं, माजी फोनवाली बाय आयलीय. चाय ठेव. नाय, आधी पानी दे." त्यांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. तिला हाताला धरून बाल्कनीत नेलं. खाली पोहण्याचा निळा तलाव होता. "त्यो दिसतो ना, थय आमचा खला व्हता. भात झोडायचो. आता पोरा उड्या मारतान." भिंतीवर कलावतीबाईंचा फोटो होता. रुंद कपाळ, नाकात मोठी नथ, कॅमेऱ्यावर विश्वास नसलेली नजर. संचितानं चहा घेतला. बिस्किट घेतलं. आता नकोच, असं तिच्या मनात आलं, हा माणूस खुशीत आहे, चहा पिऊन निघावं. पण रात्रीची ती झोप, ते हलकेपण तिला हवं होतं, ती त्यासाठी आली होती. शालू आत गेली तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"काका, त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले माणूस निघालाय. कोणी निघालेलं नव्हतं. मला माहीत होतं. पार्ट संध्याकाळी यायचा होता, ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं. तुम्ही म्हणालात खुर्चीवरून उतरवतो, मीच नको म्हणाले."

तिनं हे वहीत लिहिल्यासारखं सांगितलं. एकही शब्द जास्त नव्हता. राघो पाटलांना ते कळलं नाही असं तिला वाटलं, म्हणून ती पुन्हा सांगणार होती, तोच ते बोलले.

"त्या दिशी," ते म्हणाले, "मी तिना सांगला, मानूस निघाला, अर्धा तास. ती बोल्ली, मंग मी केस विंचरून घेतंय. दवाखान्यान अशी जाऊ कं? मी तिची हिरवी साडी काढली कपाटाशी. ती बोल्ली, ही नको, ही लग्नाला नेसायची. मंग दुसरी काढली. मंग बसली खाटेवं. माजा हात धरला. चालीस वरसान तिना कवा माजा हात धरला नव्हता, आमच्यान नाय तसा. बोल्ली, येताना ताजी मासली भेटली त घेऊ. मी बोल्लो घेऊ. आमी दोगा दाराकं बघत बसलो. ती भ्याली नाय. मी बी नाय भ्यालो. मानूस येतंय म्हनून." आतून पोळपाटाचा आवाज येत होता. "दोन वरसा मी त्यो अर्धा तास काढतंय आन् बघतंय. दुसरा काय हाय माजेकडं? जमीन गेली. ती गेली. त्यो अर्धा तास बरा गेला आमचा. आता तू सांगतंस कोन निघालाच नव्हता. मंग आमी कोनाची वाट बघत बसलेलो?"

"काका, मला वाटलं तुम्हाला खरं कळायला..."

"मना नको व्हता." आवाज चढला नव्हता. फोनवर असायचा तसाच होता, कदाचित थोडा दमलेला. "मना कोनी इचारला? तुना सांगाचा व्हता, तू सांगला. तुजा वझा उतरला. ठेवलास कुठं त्यो? हतं ठेवलास." त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात आपटला, हळूच. "पोरा व्हती शेजारची. चार पोरा. खुर्ची व्हती. आता मी रोज तिना खुर्चीवर उतरवीन. रोज. जिना मोजीत."

माफ करा म्हणावं तर ते आणखी एक मागणंच होईल, एवढं संचिताला कळलं. राघो पाटील उठले आणि फोटोच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. तिच्याकडे पाठ होती. बनियनखाली खांद्याची दोन्ही हाडं दिसत होती. "जा आता, बाय," ते म्हणाले. "आन् फोन आयला त उचलू नको. मी नाय करनार, पन सवयीनं लागला त." शालू पिठाचे हात घेऊन बाहेर आली, एकदा सासऱ्याकडे आणि एकदा हिच्याकडे बघितलं, आणि दार उघडून उभी राहिली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये फिनाइलचा वास होता. कोणाच्या तरी दाराला सुकलेलं तोरण होतं. संचिता भिंतीला टेकून उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हलकेपणही कुठं उरलं नव्हतं. आपण दोनदा तेच केलं, तिला वाटलं, दोन्ही वेळा त्या माणसाचं ऐकून घेण्याआधी आपल्याला सोयीचं ते बोलून मोकळे झालो. एकदा खोटं, एकदा खरं. हाही विचार इतका सुबक होता की तिला त्याचाही संशय आला. मोबाइल थरथरला. रुचिताचा मेसेज: मॅडम, ते एक उत्तर? सोमवारी डेमो आहे. तिनं पर्समधून दुमडलेलं पान काढलं नाही. ती तिथंच उभी राहून अंगठ्यानं लिहू लागली. सुदेशचं वाक्य तसंच टाकणं तिच्यानं होईना, ते फार ओबडधोबड होतं. तिनं लिहिलं: तुमची अडचण मला समजली. माणूस पाठवायची व्यवस्था चालू आहे. अर्ध्या तासात मी तुम्हाला पुन्हा कळवते. मग बॉट बाई की पुरुष हे ठरलेलं नाही असं आठवून 'कळवते'चं 'कळवतो' केलं, मग 'कळवलं जाईल', मग ते सरकारी वाटलं म्हणून पुन्हा 'कळवते' ठेवलं. वाचून पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यात काहीच नव्हतं. लहान मुलालाही समजेल असं होतं. तिनं ते पाठवून दिलं.

दोन मिनिटांत रुचिताचं उत्तर आलं. परफेक्ट, मॅडम. यानं घेतलं, आता काही विचारत नाहीये. मग थोड्या वेळानं आणखी एक, लांबलचक: मॅडम, एक विचारायचं होतं. आमच्याकडे पुढच्या महिन्यात कल्याणच्या एका हॉस्पिटलचं काम येतंय. तिथल्या हेल्पलाइनवर नातेवाइकांचे फोन असतात, पेशंट आत असतो, लोक बाहेर काळजीत असतात, कसा आहे, कधी भेटायला सोडणार असं विचारत राहतात. त्यांच्याशी असंच सोपं आणि धीर देणारं बोलणारा बॉट हवाय. तुमच्यासारखं लिहिणारं कोणी नाही. याल का?

पॅसेजच्या टोकाला जिन्याचं दार होतं. त्याच्या आड कोणीतरी पाण्याचे कॅन ठेवून दम खात बसलं होतं, सामानवाल्यांना लिफ्ट वापरू देत नसावेत, धापा ऐकू येत होत्या. संचितानं मेसेज दुसऱ्यांदा वाचला. सुदेशचं 'बघू' आठवलं, संदेश आठवला, महिनाअखेरीस जाणाऱ्या त्या दोघींच्या वळवलेल्या पाठी आठवल्या. आत, दाराच्या पलीकडे, शालू सासऱ्याला काहीतरी विचारत होती आणि ते उत्तर देत नव्हते. ती ऐकत थांबली. ते बोलतील म्हणून तिनं बराच वेळ वाट बघितली.

मग तिनं रुचिताला लिहिलं, येईन.